नोम कोणीच का घेत नाही? टेबलावर पडून राहणाऱ्या वंशांचे निदान आणि उपाय

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारखे टेबलटॉप रोलप्लेइंग खेळ, म्हणजे टेबलाभोवती बसून काल्पनिक पात्रे वठवण्याचे खेळ, खेळणाऱ्या पुण्यातल्या गटांत नवे कॅम्पेन (अनेक बैठका चालणारी कथा) सुरू होताना एक तक्रार हमखास ऐकू येते. डीएमने, म्हणजे कथा आणि नियम सांभाळणाऱ्या सूत्रधाराने, खपून एक जग उभे केलेले असते. त्यात निरनिराळे वंश असतात: ठेंगण्या, दणकट ड्वॉर्फांची डोंगरात कोरलेली नगरे असतात, चिमुकल्या, कल्पक नोमांच्या कार्यशाळा असतात, दलदलीत राहणाऱ्या सरड्यासारख्या लिझर्डफोकच्या टोळ्या असतात. आणि सेशन झीरोला, म्हणजे पात्रे ठरवण्याच्या बैठकीला, कोथरूडमधल्या एखाद्या फ्लॅटवर मंडळी जमली की कॅरेक्टर शीटवर मानव, टोकदार कानांचा एल्फ, हाफ-एल्फ आणि फार तर एखादा सैतानी रक्ताचा टीफलिंग एवढेच उतरते. गट बदलला, डीएम बदलला, तरी यादी तीच राहते, आणि ज्या नगरांचे नकाशे रात्री जागून काढले त्यांच्याशी एकाही पात्राचे नातेगोते नसते.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे मानण्याचे कारण नाही. २०१७ मध्ये डी अँड डी बियाँड या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या संकेतस्थळावर तयार झालेल्या पात्रांची जी आकडेवारी प्रसिद्ध झाली, तीत मानव वंशाचा फायटर (लढवय्या) ही सर्वांत जास्त वेळा निवडलेली जोडी होती. ऑगस्ट २०२३ मध्ये बाल्डर्स गेट ३ हा संगणकावरचा खेळ आला तेव्हा त्याच्या निर्मात्यांनी पहिल्या शनिवार-रविवारचे जे आकडे दिले, त्यांतही हाफ-एल्फ, मानव आणि एल्फ हेच पुढे होते. तेव्हा आपल्या गटाला कल्पनाशक्ती कमी आहे, असा निष्कर्ष काढून डीएमने खट्टू होऊ नये. बिघाड कुठे आहे हे मात्र शोधता येते आणि बऱ्याच वेळा तो दुरुस्तही करता येतो.

तक्रार नेमकी कोणाची आहे?

‘हा वंश कोणी घेत नाही’ या एका वाक्यात तीन निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात आणि त्यांचे उपाय एकमेकांना उपयोगी पडत नाहीत. काही वंश खेळाडूंना हवे असतात, पण डीएमच ते चालू देत नाही. २०१५ मध्ये आलेला पक्ष्यासारखा आराकोक्रा हे याचे ठळक उदाहरण आहे. पहिल्या पातळीपासून, म्हणजे खेळाच्या आरंभापासूनच, ५० फूट उडण्याचा वेग असलेले पात्र टेबलावर आले की दरी, तटबंदी, खंदक आणि कुलूपबंद दरवाजा यांवर बेतलेले प्रसंग कोलमडतात, म्हणून कित्येक डीएम त्याला सरळ नकार देतात. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हा वेग चालण्याच्या वेगाइतका, म्हणजे ३० फुटांवर आणला गेला. इथे वंश नावडता आहे असे म्हणणे चुकीचे ठरेल.

काही वंशांना सहखेळाडूंचा विरोध असतो. १९८४ पासून ड्रॅगनलान्स या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या काल्पनिक जगात वावरणारे केंडर हे निर्भय, कुतूहलाने भारलेले आणि इतरांच्या वस्तू नकळत खिशात घालणारे लोक आहेत. वाचायला ते गोड वाटतात; पण शेजारी बसलेल्या खेळाडूची जादूची अंगठी ‘माझे पात्रच तसे आहे’ या सबबीखाली गायब होऊ लागली की टेबलावर अबोला सुरू होतो. २०२२ मध्ये केंडर नव्या नियमांत आले तेव्हा त्यांना निर्भयता आणि शत्रूला डिवचण्याची कला देण्यात आली, हातचलाखीचा वेगळा गुण दिला गेला नाही. हा निर्णय शहाणपणाचा होता. जुन्या ढंगाचा केंडर कोणाला हवाच असेल, तर सोबत्यांच्या वस्तूंना हात लावायचा नाही आणि हात मारायचाच तर तो डीएमच्या पात्रांच्या खिशात, एवढा एक करार सेशन झीरोलाच करून घ्यावा. त्यापलीकडे या प्रकारावर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

तिसरा प्रकार खरा अवघड आहे. डीएमची हरकत नाही, सहखेळाडूंचीही नाही, पुस्तकात वंश पहिल्यापासून छापलेला आहे आणि तरीही तो कोणाच्या मनात येत नाही. नोम, ड्वॉर्फ आणि काही अंशी बुटके हाफलिंग यांची गत ही आहे, आणि पुढचे विवेचन मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

आकड्यांचा संशय आधी फेडून घ्यावा

अनुभवी खेळाडूंना विचारले तर ते पहिले बोट आकड्यांकडे दाखवतात, आणि इतिहास पाहता त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या १९७४ च्या मूळ नियमांत ड्वॉर्फ लढवय्या सहाव्या पातळीपुढे जाऊ शकत नव्हता आणि हाफलिंगचा पूर्वावतार असलेला हॉबिट तर चौथ्या पातळीवरच थांबत असे. मानवाला मात्र अशी मर्यादा नव्हती. जग माणसांचे राहावे हा त्यामागचा उघड हेतू होता. २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने या मर्यादा काढून टाकल्या, पण त्याच आवृत्तीत हाफ-ऑर्कला ताकदीत दोनची भर देताना बुद्धिमत्ता आणि व्यक्तिमत्त्व या दोन्हींतून प्रत्येकी दोन कापून घेतले गेले. त्याच काळात ड्रो, म्हणजे भूमिगत राहणारा एल्फ, घेणाऱ्याला दोन पातळ्यांचा भुर्दंड बसत असे, म्हणजे पहिल्या पातळीचा ड्रो हा तिसऱ्या पातळीचे पात्र म्हणून मोजला जाई.

हा संशय तपासण्याची सोपी चाचणी मात्र आता हाताशी आहे. २०२० नंतर गुणांची भर हवी तिथे टाकण्याची मुभा मिळाली. २०२४ च्या नियमपुस्तकात ती भर वंशाकडून काढून पात्राच्या पार्श्वभूमीकडे देण्यात आली आणि ड्वॉर्फ, नोम, हाफलिंग यांचा २५ फुटांचा वेगही इतरांच्या बरोबरीने ३० फूट झाला. आपला गट २०२४ चे नियम वापरत असेल आणि तरीही नोम कोणी घेत नसेल, तर आकडे हे कारण राहत नाही. २०१४ च्या नियमांतसुद्धा डोंगरी ड्वॉर्फला ताकद आणि काटकपणा या दोन्हींत प्रत्येकी दोनची भर मिळत होती आणि वर मध्यम चिलखत वापरण्याचे कौशल्यही होते. २०१६ मध्ये आलेला सर्परक्ताचा युआन-टी प्युअरब्लड तर जादूविरुद्धच्या बचावात आणि विषाच्या बाबतीत इतका भक्कम होता की काही डीएम त्याच्या नावानेच कपाळाला हात लावत. तरीही एल्फची जागा या दोघांपैकी कोणी घेतली नाही. आकडे वंशाला नावडते बनवू शकतात. आवडते बनवण्याची ताकद त्यांच्यात कमी दिसते.

अडथळा किती वेळा, उपयोग किती वेळा

निदानाचा गाभा माझ्या मते इथे आहे. प्रत्येक वंशाला काही अडचणी असतात आणि काही देणग्या असतात. पुस्तकात त्या एकाच पानावर, सारख्याच आकाराच्या अक्षरांत छापलेल्या असतात, म्हणून त्या तुल्यबळ वाटतात. टेबलावर मात्र एखादी अडचण दर प्रसंगात आडवी येते आणि देणगी महिन्यातून एखाद्या वेळी उपयोगी पडते. खेळाडू हा हिशेब कागदावर मांडत नाही, पण चार बैठकांत त्याच्या अंगवळणी पडतो आणि पुढच्या कॅम्पेनला तो निमूटपणे एल्फ घेतो.

२०१६ च्या नियमांतल्या कोबोल्डचे, म्हणजे ड्रॅगनसारख्या दिसणाऱ्या बुटक्या वंशाचे, उदाहरण घ्यावे. थेट सूर्यप्रकाशात त्याच्या हल्ल्याच्या फाशावर आणि नजरेवर अवलंबून असलेल्या निरीक्षणावर दोन फासे टाकून कमी आकडा घ्यायला लावणारा डिसअ‍ॅडव्हांटेज असे. ज्या शत्रूला लागण्यासाठी वीस बाजूंच्या फाशावर ८ किंवा त्याहून अधिक हवे, त्याला इतर पात्रे ६५ टक्के वेळा मारतात. कोबोल्ड भर उन्हात ४२ टक्के वेळा. शेजारचा सोबती शत्रूला भिडलेला असेल तर मिळणारा, दोन फाशांतला मोठा आकडा घेऊ देणारा अ‍ॅडव्हांटेज हा तोटा फार तर बरोबरीवर आणून सोडतो, कारण दोन्ही एकमेकांना रद्द करतात. डीएमची कथा भुयारात घडत असेल तर हे ओझे जाणवतही नाही. पण सह्याद्रीच्या धर्तीवर उघडे कातळ, माची आणि पठारे असलेल्या जगात, जिथे निम्म्याहून अधिक प्रसंग दिवसाढवळ्या घडतात, तिथे कोबोल्ड घेणाऱ्याला दर फेरीत आपल्या निवडीची शिक्षा भोगावी लागते. वंश निवडण्याआधी खेळाडूला हे कोणीतरी सांगायला हवे असते आणि सहसा कोणी सांगत नाही.

अर्धा माणूस, अर्धा घोडा असलेल्या सेंटॉरची अडचण आणखी मजेशीर आहे. २०१८ च्या नियमांप्रमाणे त्याचा वेग ४० फूट, म्हणजे मानवापेक्षा १० फूट जास्त आहे; पण हातापायांनी चढण्या-उतरण्याची वेळ आली की त्याला दर फुटासाठी आणखी चार फूट खर्ची घालावे लागतात, इतरांना एकच. विहिरीत सोडलेल्या शिडीवरून ४० फूट खाली जायचे झाले तर एका फेरीत मानव १५ फूट उतरतो आणि सेंटॉर ८ फूट. मानव तिसऱ्या फेरीत तळाला पोहोचतो, सेंटॉर पाचव्या. नियमांचे ओझे एवढेच आहे; पण प्रत्येक सराईत, प्रत्येक जिन्यावर आणि प्रत्येक होडीत ‘आता घोडा कुठे बसणार?’ हा विनोद कोणीतरी करतेच आणि तो प्रसंग कथेचा न राहता घोड्याचा होतो. विनोद पहिल्या वेळी सर्वांना आवडतो.

या सगळ्यांत कावळ्यासारख्या दिसणाऱ्या जुन्या केनकूचे ओझे सर्वांत जास्त होते, असे मला वाटते. २०१६ च्या नियमांनुसार केनकूला स्वतःचा आवाज नव्हता. त्याने पूर्वी ऐकलेले आवाज आणि वाक्ये यांचीच नक्कल करून बोलायचे. कल्पना अप्रतिम आहे. वेशीवरचा पहारेकरी विचारतो, ‘कोण रे तू? कुठून आलास?’ आणि केनकूच्या खेळाडूला या कॅम्पेनमध्ये आतापर्यंत कानावर पडलेल्या वाक्यांतून उत्तर जुळवायचे असते. तो सराईवाल्याच्या घोगऱ्या आवाजात ‘उधारी बंद आहे’ म्हणतो, मग वाटेत भेटलेल्या म्हातारीच्या आवाजात ‘दोन दिवस पोटात काही नाही रे बाबा’, आणि शेवटी आपल्याच गटातल्या पॅलाडिनच्या (धर्मयोद्ध्याच्या) आवाजात ‘बाजूला व्हा’. सगळे टेबल हसते, पहारेकरी गोंधळतो, प्रसंग वसूल होतो. पण पुढे राजसभेत तीन तास वाटाघाटी चालतात तेव्हा हाच खेळाडू गप्प बसतो, कारण ‘मला ही अट मान्य नाही’ हे वाक्य कोणी त्याच्यासमोर उच्चारलेलेच नसते. बोलण्यावर चालणाऱ्या खेळात बोलणे महाग करणारा वंश फार काळ हातात टिकत नाही. २०२२ च्या आवृत्तीत केनकूवरचे हे बंधन उठले. नकलेची देणगी राहिली, सक्ती गेली.

आता दुसरी बाजू पाहू. टीफलिंगला पहिल्या पातळीपासून एक किरकोळ जादू येते, जिच्यामुळे आवाज तिपटीने घुमतो, दिव्यांच्या ज्योती थरथरतात, खिडक्या आपटतात. लढाईत तिचा उपयोग जवळजवळ शून्य. पण ती खेळाडू स्वतःहून, हव्या त्या क्षणी, कोणाची वाट न पाहता वापरू शकतो. हाफलिंगचे नशीब असेच नजरेत भरते: फाशावर १ आला की तो पुन्हा टाकायचा. वीसपैकी एकाच फाशावर हे घडते, पण घडते तेव्हा सगळ्यांच्या देखत घडते. नोमाची देणगी याच्या नेमकी उलट आहे. २०१४ च्या नियमांप्रमाणे जादूविरुद्ध बुद्धिमत्ता, शहाणपण आणि व्यक्तिमत्त्व यांच्या सेव्हिंग थ्रोवर, म्हणजे बचावाच्या फाशावर, त्याला कायम अ‍ॅडव्हांटेज मिळतो. ज्या थ्रोला १३ हवेत तिथे यशाची शक्यता ४० टक्क्यांवरून ६४ टक्क्यांवर जाते, म्हणजे देणगी फारच मोलाची आहे. परंतु ती कधी वापरायची हे नोमाच्या हातात नाही. शत्रूने जादू टाकावी लागते, आणि ती परतवली गेली तरी टेबलावर दिसते ते एवढेच, की काही झाले नाही.

म्हणून पहिला उपाय असा, की पडून राहिलेल्या वंशाची देणगी डीएमने दृश्य करावी. नोमाने मोहिनी परतवली तर ‘वाचलास’ एवढे म्हणून पुढे जाऊ नये. जादूगाराच्या चेहऱ्यावरचा गोंधळ दाखवावा, त्याने दात-ओठ खाऊन ‘हा टीचभर प्राणी माझ्या हुकमात का येत नाही?’ असे विचारावे, आणि पुढच्या भेटीत त्याने नोमालाच आधी गाठण्याचा बेत आखलेला असावा. यासाठी एकही नियम बदलावा लागत नाही.

मनात चित्र नसणे

अडथळे आणि उपयोग यांचा हिशेब बरोबरीत आला तरी एक गोष्ट उरते. ड्रो एल्फ आणि कोबोल्ड यांना २०१४–१६ च्या नियमांत उन्हाचा त्रास सारखाच होता. पण ड्रो म्हटले की १९८८ पासून कादंबऱ्यांतून गाजलेला, दोन तलवारी घेतलेला ड्रिझ्ट कित्येकांच्या डोळ्यांसमोर उभा राहतो, म्हणून लोक उन्हाचा त्रास आनंदाने सोसतात. ड्रॅगनबॉर्नचा २०१४ चा अग्निश्वास त्या फेरीतली अख्खी कृती खाऊन दोन फाशांचे नुकसान करत असे आणि त्याबद्दल भरपूर कुरकुर झाली, इतकी की २०२१ मध्ये तो एका हल्ल्याच्या बदल्यात वापरता येईल असा बदल पुस्तकात आला. तरीही त्याआधीच्या काळात ड्रॅगनबॉर्न पडून राहिला नाही. ड्रॅगनसारखे दिसणे एवढे चित्र खेळाडूला पुरेसे होते.

नोमाच्या बाबतीत पुण्यातल्या नव्या खेळाडूला असे काहीच चित्र मिळत नाही. युरोपातल्या बागेत ठेवायचा लाल टोपीचा पुतळा त्याच्या लहानपणात कुठेच नसतो. त्याच खेळाडूला पाथफाइंडर या तशाच दुसऱ्या खेळातला वानर वंश दाखवावा, जो २०१२ मध्ये अ‍ॅडव्हान्स्ड रेस गाइडमध्ये खेळण्यायोग्य म्हणून आला. काहीही समजावून सांगावे लागत नाही. उडी, शेपूट, खोडसाळपणा आणि निष्ठा हे सगळे तो घरूनच घेऊन आलेला असतो.

चित्र फार ठळक असले तरीही वंश पडून राहू शकतो. २०१८ मध्ये सेंटॉरबरोबर आलेला लोक्सोडॉन हा हत्तीचे मस्तक आणि माणसाचे धड असलेला वंश आहे. पुण्यात असे पात्र घेणाऱ्याच्या मनात काय येते हे वेगळे सांगायला नको. काही जणांना ते मनापासून आवडते. काहींना असे पात्र दारूच्या गुत्त्यात मारामारी करते किंवा भाल्याने भोसकले जाते, हे वर्णन करताना आणि ऐकताना अवघडल्यासारखे होते आणि ते बोलून दाखवणेही त्यांना जड जाते. इथे दुरुस्त करण्यासारखे काही नाही. डीएमने आधी सर्वांना एकेकट्याने विचारावे, एकाचाही सूर नाराजीचा दिसला तर तो वंश त्या टेबलापुरता बाजूला ठेवावा आणि त्यावर वाद घालू नये.

लिझर्डफोकच्या बाबतीत मात्र चित्र आपल्या हाताशी आहे आणि ते वापरले जात नाही. पुस्तकातला लिझर्डफोक दलदलीत राहतो, थंडपणे विचार करतो आणि मेलेल्या शत्रूच्या हाडांची हत्यारे बनवतो. पुण्यात दलदल म्हणजे काय हे कोणाला नीट ठाऊक नाही. पण सिंहगडाचा कडा आणि तो चढून गेलेली तानाजीची यशवंती घोरपड ही लोककथा पाचवीतल्या मुलालाही माहीत आहे. २०१६ च्या नियमांत लिझर्डफोकला ३० फूट पोहण्याचा वेग आहे. तो काढून त्या जागी ३० फूट चढण्याचा वेग द्यावा, टोळीला कड्यांवरच्या कपारींत वसवावे आणि गडांची वाट तिच्या सल्ल्याशिवाय कोणी धरत नाही असे ठरवावे. चढण्याचा वेग पोहण्याच्या वेगापेक्षा जास्त प्रसंगी कामी येतो, हे खरे आहे, आणि काटेकोर डीएमला तो किंचित जास्त वाटेल. ज्यांना खटकेल त्यांनी श्वास रोखून धरण्याची देणगीही काढून घ्यावी. कड्यावर तिची कोणाला आठवण होणार नाही.

एका बैठकीपुरते सगळेच नोम

नावडता वंश लोकप्रिय करून दाखवल्याचे सर्वांत चांगले उदाहरण पाथफाइंडरमधले गॉब्लिन आहेत. पूर्वी गॉब्लिन म्हणजे पहिल्या पातळीच्या पात्रांनी मारायचे किरकोळ शत्रू. २००७ पासून पाथफाइंडरच्या कथांत त्यांना ठसठशीत सवयी मिळाल्या: त्यांना घोडे आणि कुत्री यांचा तिटकारा, आगीचे वेड, भेसूर गाण्यांची हौस, आणि लिहिलेला शब्द डोक्यातून विचार चोरून नेतो अशी ठाम समजूत. २०११ मध्ये फ्री आरपीजी डेसाठी, म्हणजे असे खेळ फुकट वाटण्याच्या दिवसासाठी, एक छोटे साहस प्रसिद्ध झाले, ज्यात सगळेच खेळाडू गॉब्लिन होते. २०१९ मध्ये दुसरी आवृत्ती आली तेव्हा गॉब्लिन मूळ पुस्तकातल्या सहा वंशांत मानव आणि एल्फ यांच्या शेजारी बसले. आकड्यांनी हे घडवले नाही. खेळाडूंना एका संध्याकाळीपुरते गॉब्लिन म्हणून वावरायला मिळाले आणि टेबलावर बसल्यावर पहिल्या दहा मिनिटांत काय करायचे हे त्यांना कळले.

हाच मार्ग नोमांसाठी वापरावा, असे मी सुचवेन, आणि त्यासाठी पुण्याइतके सोयीचे शहर मिळणार नाही. अठराव्या शतकाच्या मध्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शहरातल्या हौदांपर्यंत भूमिगत नळाने पाणी आणले गेले आणि त्या वाटेवर ठिकठिकाणी उच्छ्वास, म्हणजे नळात हवा खेळती ठेवणारी उभी बांधकामे, बांधले गेले. आपल्या काल्पनिक नगरालाही असाच एक नळ द्यावा आणि त्याची देखभाल पिढ्यान्‌पिढ्या नोमांकडे असावी. पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी, नेहमीचे कॅम्पेन बाजूला ठेवून, सर्वांना पहिल्या पातळीचे नोम द्यावेत. पेठांतल्या हौदांचे पाणी काळे येऊ लागले आहे, वरचे लोक आरडाओरडा करत आहेत, आणि उच्छ्वासातून आत उतरायचे काम नोमांचेच आहे.

या मांडणीत नोमाची प्रत्येक गोष्ट कामाला येते. नळाची उंची अशी ठेवावी की नोम ताठ चालेल आणि मानवाला रांगावे लागेल. सोबत एक मानव अधिकारी देखरेखीला दिला तर हा फरक टेबलावर दिसतो, कारण दाटीतून जाताना त्याला दर फुटाला एक फूट जास्त खर्च होतो आणि हल्ल्यावर, तसेच चपळाईच्या सेव्हिंग थ्रोवर डिसअ‍ॅडव्हांटेज बसतो. मशाल भिजली तरी नोमाला ६० फूट अंधारात दिसते. २०१४ च्या नियमांतला रानातला नोम लहान प्राण्यांशी साध्या कल्पनांपुरते बोलू शकतो, आणि नळात उंदीर, वटवाघळे, बेडूक यांची वाण नसते. उंदरांची आपसांतली भांडणे, कोणाचा कोणता दगड, हे सगळे डीएमने रंगवावे. खडकातला नोम तासभर खर्चून आणि १० सोन्याच्या नाण्यांचे साहित्य वापरून एक छोटे यंत्र बनवू शकतो: चालणारे खेळणे, आग पेटवणारे साधन किंवा सूर वाजवणारी पेटी. एरवी ही देणगी शीटवर धूळ खाते. इथे वळणापलीकडे काहीतरी श्वास घेत आहे, पुढे जायचे धैर्य कोणाला नाही, आणि सूर वाजवणारी पेटी पाण्याच्या धारेवर फळकुटावर ठेवून पुढे सोडता येते. सूर दूर जातो, मग एकदम थांबतो. त्यानंतर काय करायचे हे खेळाडू आपसांत कुजबुजत ठरवू लागले की उपाय लागू पडला असे समजावे.

नोमांना सवयीही द्याव्यात, गॉब्लिनांना दिल्या तशा. माझ्या मते नळावरच्या नोमांना पाट्या लावण्याची खोड असावी. ‘उच्छ्वासात डोकावू नये. डोकावल्यास काय दिसले ते आम्हाला सांगू नये.’ ‘पाणी कधी येईल हे विचारणाऱ्यास ते उशिरा मिळेल.’ सेशनच्या अखेरीस प्रत्येक खेळाडूला एक पाटी लिहायला सांगावी; अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या कार्डशीटच्या पट्ट्या त्यासाठी पुरतात. पुण्याच्या खेळाडूला हा स्वभाव शिकवावा लागत नाही आणि नोम कसा बोलतो या प्रश्नाचे उत्तर त्याला फुकट मिळते. पुढच्या मोठ्या कॅम्पेनमध्ये सगळे नोम घेतील असे नाही, परंतु एखाद्याने घेतला तर बाकीच्यांना तो कोण हे माहीत असते, आणि नळावरचे नोम जगात आधीच वावरत असतात.

ड्वॉर्फासाठी वेगळी मांडणी लागेल. दाढी, दारू आणि कुऱ्हाड यांपलीकडचे काम त्याला मिळाले की पुष्कळदा पुरते: लेण्यांचे कोरीवकाम, टाक्यांची स्वच्छता, घाटवाटेवरची जकात.

हे उपाय टाळावेत

नावडता वंश घेणाऱ्याला जास्तीचे फीट, म्हणजे खास कसब, किंवा जादूची वस्तू देण्याची पद्धत रूढ आहे. तिचा परिणाम असा होतो, की वंश कागदावर येतो, टेबलावर येत नाही. खेळाडू बक्षीस घेतो आणि पुढे वर्षभर मानवच खेळतो, फक्त तीन फुटांचा. मानवाला बंदी घालणेही उपयोगाचे नाही. २०१४ च्या नियमांत पहिल्याच पातळीला फीट देणारा पर्यायी मानव काढून टाकला, तर ते खेळाडू दोन जादा कौशल्ये देणाऱ्या हाफ-एल्फकडे सरकतात, नोमाकडे येत नाहीत. प्रत्येक गावाच्या वेशीवर एखाद्या वंशाचा अपमान करणारे प्रसंग घालून ‘वास्तव’ आणण्याचा मोह काही डीएमना होतो. अशा प्रसंगांची किंमत एकच खेळाडू दर बैठकीत मोजतो, तेव्हा त्याने स्वतःहून मागितल्याशिवाय ते आणू नयेत.

शिवाय प्रत्येक वंश कोणीतरी घ्यायलाच हवा, हा आग्रहही सोडलेला बरा. पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीत वंशांवर सामान्य, असामान्य आणि दुर्मीळ अशा खुणाच आहेत. दुर्मीळ असणे हा तिथे दोष मानलेला नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या चौथ्या आवृत्तीत २०१० मध्ये आलेला शार्डमाइंड, म्हणजे स्फटिकांच्या तुकड्यांचा बनलेला सजीव, पुढच्या आवृत्तीच्या मूळ पुस्तकात आला नाही आणि त्यासाठी फारसे कोणी अडून बसले नाही. जगातल्या ज्या वंशावर कथेचा कणा उभा आहे, तेवढ्यासाठीच वरचे श्रम घ्यावेत.

शेवटचा मुद्दा ज्याने वेगळा वंश घेतला आणि आता पस्तावत आहे त्याच्यासाठी आहे. अशा खेळाडूला पात्र मारून नवे आणायला लावू नये. कोबोल्डला २०२२ च्या आवृत्तीवर न्यावे, जिच्यात उन्हाचा त्रास काढून टाकलेला आहे. सेंटॉरला शिडीच्या जागी उतार द्यावा. केनकूला बोलू द्यावे. पात्राला एकाएकी वाचा कशी फुटली याचा खुलासा कथेत देण्याचे बंधन नाही. कोणाला तो हवाच असेल तर त्याने केनकूच्या खेळाडूलाच विचारावे. त्याच्याकडे इतक्या बैठकांची साठलेली उत्तरे असतात.